चिंधीआजीचा आवाज कुणी नेला

१

दहिवलीच्या बोली केंद्रात सोमवारी सकाळी चिंधीआजीचा आवाज नाहीसा झाला.

पहिल्यांदा ते हर्षलाच्या लक्षात आलं. ध्वनिमुद्रणं ऐकून शब्दन् शब्द लिहून काढायचं काम तिचं. रोजच्यासारखे हेडफोन लावून ती मोठ्या संगणकासमोर बसली, आजीचा फोल्डर शोधू लागली आणि थोड्या वेळाने तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. फोल्डर नव्हता. शेजारी जोडलेल्या डिस्कवर रोज नक्कल व्हायची, पण ती आरशासारखी. इथे आहे ते तिथे दिसणार, इथून गेलं ते तिथूनही जाणार. तिथेही काही नव्हतं.

चिंधीआजी माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. लग्नातली गाणी, रानातल्या कंदांची नावं, डोंगरातल्या कहाण्या तिला मुखपाठ होत्या, आणि त्यातल्या कितीतरी फक्त तिलाच. गेल्या चैत्रात ती वारली. तिचा आवाज मागे राहिला होता तो त्या एका यंत्रात.

केंद्र उभं करणारे रोहिदास सर खुर्चीत बसले ते बसलेच. वाडीवाडीत माइक घेऊन हिंडणारा ओमकार दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आणि मग एकेकाची नजर ललिताकडे वळली.

ललिता केंद्रात सगळ्यांत नवी. आजीच्याच वाडीतली मुलगी, नेरळला राहून संगणकाचा कोर्स केलेली. बोलीतले आवाज सुटे करून दाखवणारा एक प्रोग्राम केंद्राला हवा होता. तो विंडोजवर चालत नसे, त्याला लिनक्स ही दुसरी प्रणाली लागे. म्हणून शनिवारी तिने मोठ्या संगणकात लिनक्स बसवलं होतं. त्या वेळी हर्षला चहाचा कप घेऊन तिच्या पाठीशीच उभी होती. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला होता, की सगळी डिस्क पुसून नव्याने बसवायचं आहे, पुढे जायचं का? ललिताने बिनदिक्कत ‘हो’ केलं होतं.

“मी डोळ्यांनी बघितलंय सर,” हर्षला म्हणाली. “डिस्क पुसू का, असं मशीन विचारत होतं. ही हो म्हणाली.”

ललिताचा चेहरा उतरला. “ते आतलं व्हतं. आतली डिस्क पुसली मी, बाहेरची नाय.”

आतली म्हणजे काय आणि बाहेरची म्हणजे काय, हे त्या खोलीत कुणालाच उमगलं नाही. उमगलं ते एकट्या मेघाला. ललिता खरं बोलते आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं.

आणि मेघा काही बोलली नाही.

२

मेघा खालापूरची. केंद्रातले संगणक, तारा, डिस्का, सगळं तिच्या ताब्यात. केंद्र भाड्याच्या एका खोलीत होतं तेव्हापासून ती इथे होती. हर्षलाला आणि ओमकारला लिनक्सची तोंडओळख तिनेच करून दिली होती.

या पावसाळ्यानंतर दक्षिणेतल्या एका विद्यापीठात वर्षभराचं प्रशिक्षण होतं. बोली कशा जपायच्या, आवाज कसे साठवायचे, हे शिकायला केंद्रातून एकाला जाता येणार होतं. मेघाने ती वाट मनातल्या मनात इतक्यांदा चालून पाहिली होती, की तिथल्या वसतिगृहाची खिडकीसुद्धा तिने ठरवून ठेवली होती. सरांनी नाव निवडलं ते ललिताचं. मेघाचं दुसरं. पहिलीला काही अडचण आली तरच दुसरी.

सरांनी ते सांगितलं त्या दिवसापासून ललिता तिच्या डोळ्यांत सलत होती. तिचं भराभर टाइप करणं, सरांनी तिला ‘बाळ’ म्हणणं, वाडीतल्या म्हाताऱ्यांनी तिला बघून हसणं, सगळंच. मेघा कुणाशी भांडली नाही, कुणाला वावगं बोलली नाही. फक्त आतल्या आत जळत राहिली, आणि जळतानाही कामं बिनचूक करत राहिली.

सरांनी तिला आतल्या खोलीत बोलावून घेतलं. “तू शोधून काढ मेघा. बुधवारी विद्यापीठाला नाव कळवायचंय. तू सांगशील ते मी खरं मानीन.”

तेव्हा ती सांगू शकली असती. ललिताने लिनक्स थेट संगणकावर नव्हतं बसवलं, व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवलं होतं. म्हणजे संगणकाच्या पोटात एक नकली संगणक. त्याची डिस्कही नकली, बाहेरून पाहिलं तर नुसती एक मोठी फाईल. आत बसून ‘सगळं पुसून टाक’ म्हटलं की पुसलं जातं ते त्या फाईलीतलं. कपाटात पेटी ठेवावी, पेटी उपडी करून झाडावी आणि कपाटातल्या कपड्यांची घडीही मोडू नये, असं ते काम. दोन वाक्यांत सरांना पटलं असतं.

“बघते सर,” एवढंच ती म्हणाली.

३

तिने एकेकाला बोलावलं. आधी हर्षलाला.

हर्षला इथलीच, कर्जतची. बोलायला मृदू, कामात चोख. शनिवारी दुपारी जेवायच्या सुट्टीतच आपण नेरळला बहिणीकडे गेलो आणि सोमवारी सकाळी परस्पर इथे आलो, असं तिने सांगितलं. ते लिनक्सबिनक्स शनिवारी पाठीमागून पाहिलं तेवढंच, त्याला हातही लावला नाही म्हणाली. डोळे रडून लाल झाले होते. आजीबरोबर सर्वांत जास्त वर्षं तीच बसली होती, त्यामुळे मेघाला त्याचं नवल वाटलं नाही.

“यंत्रावर आजीचा फोटो लावला म्हणजे माया झाली का?” उठता उठता ती म्हणाली. “जिला आवाज सांभाळता आला नाही तिने फोटो कशाला लावावा?”

मेघाने मान हलवली. बोलणं कडवट होतं, पण त्या कडवटपणाची चव तिच्या ओळखीची होती, म्हणून ते तिला खटकलं नाही.

मग ललिता आली. ती रडली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसून तिने आपण काय काय केलं ते क्रमाने सांगितलं. आधी बाहेरच्या संगणकात जागा किती आणि मेमरी किती ते पाहिलं. निम्म्याहून जास्त मेमरी बाहेरच्यालाच ठेवली, नाहीतर दोन्ही गुदमरली असती. लिनक्स त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घेतलं आणि उतरवताना फाईल बिघडली नाही ना, तेही तपासलं. आतल्या यंत्राला बाहेरचा एकही फोल्डर जोडला नाही, आत काही गडबड झाली तरी बाहेर झळ लागू नये म्हणून. सगळं नीट चाललं तेव्हा त्या स्थितीचा स्नॅपशॉट घेतला, म्हणजे यंत्राचा त्या घडीचा जसाच्या तसा ठसा; पुढे काही बिघडलं तर परत यायला. संध्याकाळी सगळं बंद करून ती वाडीवर गेली. चुलतभावाचं लग्न होतं. रविवारभर ती मांडवातच होती.

मेघाला यात कुठे बोट ठेवायला जागा दिसेना. आपणही हेच केलं असतं, याच क्रमाने, असं तिला वाटलं आणि तिचं तोंड कडू झालं.

“बाहेरचा फोल्डर जोडला नाहीस, नक्की?”

“नाय जोडला.”

मेघाने पडदा तिच्याकडे वळवला आणि व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंग उघडल्या. तिथे एक फोल्डर जोडलेला होता. ध्वनिमुद्रणांचा. नुसता वाचायला नव्हे. आतून त्यात काहीही लिहायची, हलवायची, पुसायची मुभा देऊन जोडलेला. म्हणजे पेटीला तळाशी भोक होतं, आणि त्यातून हात थेट कपाटात पोहोचत होता.

ललिता पडद्याकडे बघतच राहिली. “ह्ये मी नाय केलं, मेघाताई.”

४

त्या संध्याकाळी मेघा स्कूटीवरून खालापूरला परतली ती कधी नव्हे इतकी हलकी होऊन. चौक गावच्या फाट्याला ट्रकांच्या रांगेत अडकली तरी तिला त्रास वाटला नाही. आता तिला खोटं बोलायचंही काम नव्हतं. फोल्डर जोडलेला होता, आतून काही चुकीचं दाबलं गेलं असणार, ललिताचा हलगर्जीपणा. हे उद्या सरांना सांगायचं, की झालं.

घरी आईने, गंगाबाईने, भाकरी वाढता वाढता विचारलं, की त्या शिक्षणाचं काय झालं, तुझं नाव लागलं का.

“लागेल बहुतेक.”

“आणि ती दुसरी पोरगी?”

“तिच्याकडून चूक झाली.”

आईने ताटात दुसरी भाकरी टाकली. मेघाचा घास मात्र तोंडात फिरत राहिला. तिला ललिताचं एक वाक्य आठवत होतं: आत काही गडबड झाली तरी बाहेर झळ लागू नये. ज्या मुलीने उतरवलेली फाईलसुद्धा तपासून घेतली, ती पेटीला असं भोक पाडून ठेवील? मेघाने ते स्वतःला पटवून पाहिलं. पटेना. द्वेष करायचा म्हटलं तरी माणसाला आपल्या कामाची अक्कल बाजूला ठेवता येत नाही, हे तिला त्या ताटावर कळलं आणि स्वतःचाच राग आला.

मंगळवारी सकाळी तिने ओमकारला गाठलं. तो कॅमेऱ्याच्या पिशव्या लावत होता. ललिताबद्दल त्याच्याही पोटात दुखत होतं, आणि ते त्याने लपवलं नाही. एवढी वर्षं उन्हातान्हात माइक आपण धरला, आणि केंद्राच्या माहितीपटात पहिलं नाव तिचं, असं तो म्हणाला. रविवारी कुठे होतास, असं विचारल्यावर मात्र त्याची बोटं चेनवर अडखळली. मग त्याने कबूल केलं, की रविवारी दुपारी तो केंद्रात आला होता. खालापुरात एका लग्नाचं शूटिंग घेतलं होतं, त्यासाठी केंद्राचा ट्रायपॉड सरांना न विचारता न्यायला.

“मोठ्या संगणकाच्या खोलीत गेलास?”

“नाही ताई. दार आतून लावलेलं होतं. मला वाटलं सरच आहेत. मी ट्रायपॉड उचलला आणि पाय न वाजवता निघालो.”

“सर आहेत असं कशावरून वाटलं?”

ओमकारने तिच्याकडे पाहिलं. “आतून आजीचा आवाज येत होता. गाणं म्हणत होती.”

५

मेघा तशीच वळली आणि मोठ्या संगणकाच्या खोलीत जाऊन बसली.

शनिवारी पुसला गेलेला आवाज रविवारी गात होता. म्हणजे तो शनिवारी पुसलाच गेला नव्हता. रविवारी ललिता मांडवात होती. शिवाय नवी म्हणून तिला केंद्राची किल्लीच दिलेली नव्हती. किल्ल्या चौघांकडे. सर, ओमकार, हर्षला आणि ती स्वतः. सरांना मेल उघडायलाही माणूस लागे. ओमकारला लपवायचं असतं तर आवाजाची गोष्ट त्याने आपणहून काढलीच नसती. तरी तिने घाई केली नाही. आणि या सगळ्यांत दुखावलेलं माणूस कोण, लिनक्स सर्वांत जास्त कुणाला येतं, नाव कटलं तर फायदा कुणाचा, असं कुणी विचारलं असतं, तर तिन्हीचं उत्तर एकच होतं. मेघा.

ललिता दारात येऊन उभी होती. तिनेही तोच हिशेब मांडला असावा.

“किल्ली तुमच्याकडं पण हाय ना, मेघाताई?” ती शांतपणे म्हणाली.

“आहे. आत ये, बस. माझ्यासमोर बघ मी काय करते ते.”

स्नॅपशॉट घेतला की आतल्या डिस्कबरोबर यंत्राच्या त्या वेळच्या सेटिंगही त्यात जपल्या जातात. मेघाने शनिवारचा स्नॅपशॉट उघडून पाहिला. त्यात बाहेरचा एकही फोल्डर जोडलेला नव्हता. पेटीला भोक होतं, पण ते ललिताच्या हातून पेटी सुटल्यानंतर कुणीतरी पाडलेलं होतं.

ललिताने श्वास सोडला. मेघाने सोडला नाही. ती आता फाईलींकडे बघत होती. स्नॅपशॉट घेतल्यानंतर आत जे काही नवं लिहिलं जातं, ते वेगळ्या फाईलीत साठत जातं. शनिवारी संध्याकाळी बंद केलेल्या आणि त्यानंतर कुणी न वापरलेल्या यंत्राची ती फाईल काडेपेटीएवढी असायला हवी. ती होती धान्याच्या कोठीएवढी. नाहीशा झालेल्या ध्वनिमुद्रणांचं सगळं वजन केलं असतं तर साधारण तेवढंच भरलं असतं.

आवाज पुसला नव्हताच. तो कुणीतरी उचलून आत नेऊन ठेवला होता.

६

“पासवर्ड सांग,” मेघा म्हणाली.

ललिता थोडी घुटमळली. “कवळी.”

“म्हणजे?”

“आजी मला कवळी म्हणायची. कवळी म्हंजी कोवळी, ल्हान पोर. मला बघितलं का तसंच.”

हे नाव कुणाकुणाला ठाऊक होतं? ज्यांनी ते ऐकलं त्यांना. माइक धरणाऱ्याला, आणि हेडफोन लावून लिहिणारीला. मेघाने पासवर्ड टाइप केला. आतलं यंत्र उघडलं, आणि पडद्यावर चिंधीआजी आली. ओसरीवर बसलेली, डोळे बारीक करून कॅमेऱ्याकडे बघणारी.

मेघाचा हात माउसवरच थांबला.

“हा फोटो कधी लावलास?”

“शनिवारी. निघायच्या आधी अगदी शेवटी. मोबाइलवरनं मेल केला आन् आतच उतरवून घेतला. सर कुलूप लावायला बाहेर थांबले व्हते, बाकी समदी गेली व्हती तवा.”

“कुणाला दाखवलास?”

“नाय. पासवर्ड टाकल्याबिगर दिसतच नाय तो.”

हर्षला दुपारीच नेरळला गेली होती. तिने त्या यंत्राला हातही लावला नव्हता. आणि तरी तिला ठाऊक होतं, की त्यावर आजीचा फोटो आहे.

मेघाने आतले फोल्डर तपासले. वरवर सगळे रिकामे. पण लिनक्समध्ये नावाच्या आधी टिंब दिलं की फोल्डर दिसेनासा होतो. हे तिने स्वतःच हर्षलाला आणि ओमकारला शिकवलं होतं आणि शिकवताना दोघांना हसवलंही होतं. लपलेले फोल्डर दाखव, असं तिने यंत्राला सांगितलं. एक नाव वर आलं. मराठीत, टिंबापुढे फक्त ‘आजी’.

त्यात सगळं होतं. एकही फाईल गहाळ नाही, एकही नाव बदललेलं नाही. ललिताने ओढणी तोंडाशी धरली आणि ती पहिल्यांदा रडली. मेघाने सगळं बाहेर जागच्या जागी आणलं, वर दुसऱ्या एका सुट्या डिस्कवर उतरवून ती डिस्क ललिताच्या हातात दिली, आणि मगच ती हर्षलाच्या टेबलाकडे गेली.

७

मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ, दोघीच उभ्या होत्या. दुपारचं ऊन भिंतीवरून परतत होतं.

“तू आत गेली होतीस,” मेघा म्हणाली. “फोटो बघितलास.”

हर्षलाने ते नाकारलं नाही. मग तिने विचारलं, “सगळं नीट आहे ना आत?”

“आहे.”

“मी मोजून नेलं होतं. एकेक फाईल उघडून बघितली आणि मग बाहेरची काढली.” तिने पदराने गळा पुसला. “पुसून टाकायचंच ठरवून आले होते, मेघा. रविवारी आले, म्हटलं एकदा शेवटचं ऐकू. ऐकत बसले. मग पुसायला बोटच उचलेना.”

म्हणून तिने दुसरा मार्ग काढला. आवाज ललिताच्याच यंत्रात लपवायचा. नाही सापडला तर ललिताने पुसला, सापडला तर ललिताने लपवला. दोन्हीकडून अडकणार तीच. नंतर, ललिताला केंद्रातून काढल्यावर, आपण शोधून काढल्यासारखं करून ते परत आणायचं.

“पण का?” मेघाने विचारलं, आणि विचारतानाच आपल्याला उत्तर ठाऊक आहे असं तिला वाटलं. ते पूर्ण ठाऊक नव्हतं.

“मी त्या ओसरीवर किती पावसाळे बसले तुला माहीत आहे. तिचं दुखणंखुपणं काढलं, औषधं नेली. ती मला शेवटपर्यंत म्याडम म्हणायची. म्याडम, चहा घ्या. म्याडम, बसा. आणि ललिता आली त्या पहिल्याच दिवशी म्हातारीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि कवळी म्हणाली.” हर्षलाचा आवाज फुटला. “ते मलाच लिहून काढायला लागलं. शब्द नीट ऐकू येईना म्हणून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकला मी. कवळी, कवळी, कवळी. मग मी ते लिहिलं.”

मेघाला तिला खूप काही बोलायचं होतं. एका निरपराध मुलीचं आयुष्य तू मातीत घालत होतीस, असं काहीतरी. पण ते तिच्या तोंडून बाहेर पडेना. कारण सोमवारी सकाळी खोलीत एक खरं वाक्य माहीत असलेलं माणूस होतं, आणि ते माणूस गप्प बसलं होतं.

८

सरांना मेघाने सगळं नीट उलगडून सांगितलं. पुसायचा प्रश्न कुठल्या डिस्कबद्दल होता इथपासून टिंबामागच्या फोल्डरापर्यंत. सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हर्षलाने त्याच दिवशी केंद्र सोडलं. सरांनी पोलिसांत जायचं नाही असं ठरवलं, पण तिला थांबही म्हणाले नाहीत. जाताना ती ललिताच्या टेबलापाशी घुटमळली. ललिताने मान वर केली नाही. ओमकारने ट्रायपॉड आणून जागेवर ठेवला. बुधवारी विद्यापीठाला नाव गेलं ते ललिताचंच.

संध्याकाळी मेघा स्कूटी काढत होती तेव्हा ललिता फाटकापाशी आली. ती आभार मानायला आली असावी, असं मेघाला वाटलं.

“एक विचारू, ताई?” ललिता म्हणाली. “आतली डिस्क पुसली तर बाहेर काय व्हत नाय, ह्ये तुमाला सोमवारीच म्हाईत व्हतं.”

“हो.”

“मग बोलला का नाय?”

मेघाने स्कूटीची किल्ली मुठीत धरली. “तुझं नाव कटलं असतं तर माझं लागणार होतं.”

रस्त्यावरून एक टेंपो गेला. ललिता तो दिसेनासा होईपर्यंत तिकडेच बघत होती.

“हर्षलाताईंनी निदान आजीचा आवाज जपून तरी ठेवला,” ती म्हणाली. “तुमी नुसत्या बघत राहिलात.”

एवढं बोलून ती आत गेली.

पावसाळा संपला आणि ललिता दक्षिणेत गेली. तिचे मेल केंद्राच्या पत्त्यावर यायचे, कामापुरते आणि सरांच्या नावाने. केंद्रात आता लिहायला कुणी नव्हतं, म्हणून मेघा स्वतः हेडफोन लावून बसू लागली. आणि एक दिवस माइक घेऊन स्वतःच वाडीवर चढली. आजीचा धाकटा भाऊ पोशा अजून होता. त्यालाही पुष्कळ गाणी येतात, असं ओमकारने सांगितलं होतं.

पोशा ओसरीवर बांबूच्या कामट्या तासत बसला होता. त्याने मेघाला पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. मग जे सुरू केलं ते ललिताबद्दल. ती कुठं हाय, तिकडं भात मिळतो का, तिला थंडी वाजते का. मेघाने गाण्यांचं विचारलं. तो म्हणाला, गाणी ललिताला म्हाईत. कंदांची नावं विचारली. म्हणाला, ललिता ल्हानपणी सगळे कंद वळखायची, आमच्या मागनं रानात यायची. मेघाच्या छातीत तोच जुना काटा हलला. वर्षभर लांब गेली तरी ही मुलगी ओसरीवरून उठायला तयार नव्हती. तिने माइककडे पाहिलं. बंद करून निघावं असं एकदा मनात आलं.

मग ती घोंगड्यावर नीट मांडी घालून बसली, माइक म्हाताऱ्याच्या जवळ सरकवला आणि बटण दाबलं.

“सांगा बाबा,” ती म्हणाली. “ललिता रानात यायची तेव्हाचं सांगा. पहिल्यापासून.”